तोंडावर ओढलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी, आटपाडीकडची! अंगानं काळी, खरखरीत. पण मान विचाराल तर वस्तीत पहिला माझा! सणगरानं मला मेंढीच्या लोकरीपासून विणलं, चिंचोक्याची खळ लावली आणि मी मेंढरं राखणाऱ्या केरबातात्यांच्या खांद्यावर आले. पाहुणा दारात दिसला रे दिसला, की तात्या मला अंथरायचे. सोयरिकी जुळल्या, भांडणं मिटली, ती सगळी माझ्यावर बसून. काय तो थाट होता!

बहात्तरच्या दुष्काळात तात्यांनी मेंढ्या विकल्या. पुढच्याच वर्षी त्यांची बायको, बनुबाई, गेली. मग तात्यांनी मला डोक्यावरून ओढलं आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. दिवसच्या दिवस! मला अस्सा राग यायचा! मी काय तोंड झाकायला आहे?

आमच्याकडं पांघरून निजलेल्या म्हाताऱ्याला कुणी उठवत नाही. शेजारचा सिद्धू रोज दारात यायचा, तात्या झोपलेत असं समजून पाऊल न वाजवता परत फिरायचा. बाकीचेही तसेच. आत तात्या पुटपुटायचे, "आता कुणाला माझी गरज न्हाई." त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या लोकरीत मुरायचं. ओरडावंसं वाटे, पण घोंगडीला कुठला आवाज!

आवाज होता तो सिद्धूच्या आईचा, सुलाबाईचा! एक दिवस तिच्या लेकीला बघायला पाहुणे आले. ती तरातरा आत आली आणि तिनं मला सरळ ओढलंच.

"आवं भावजी, उठा! पाव्हणं आल्यात, घोंगडी पायजे."

"न्या की."

"न्या काय? ज्याची घोंगडी त्यानंच हातरायची. चला!"

रीत काही तात्यांना मोडवेना. ते उठले, मला खांद्यावर टाकलं. मी तर हरखूनच गेले! त्यांनी मला अंथरलं, कोपरे नीट ओढले. पाहुण्यांनी हात धरून त्यांना मधोमध बसवलं. मेंढ्यांचा विषय निघाला आणि तात्या असे बोलत सुटले, की थांबेचनात!

पाहुणे गेल्यावर ते सिद्धूला म्हणाले, "वरीस झालं, माझ्याकडं कुणी आलं न्हाई रं."

"मी रोज येत हुतो, तात्या. तुमी झोपल्यालं असायचा."

"मी जागाच असायचो रं गड्या."



मित्रांनो, माझी एवढीच विनवणी. कुणी म्हातारं माणूस पांघरूण ओढून पडलेलं दिसलं, तर हळूच परत फिरू नका. हाक मारा. चांगली मोठ्यानं मारा!