अंगणातली उजवी पावलं

वरसे गावात विमलबाईंच्या अंगणात सकाळी सात वाजताच उभं राहायला जागा उरली नव्हती. म्हणजे जागा होती, मधोमध चांगली ऐसपैस होती. पण तिथे कुणी पाय ठेवायचा नव्हता. तिथून लक्ष्मी येणार होती.

बाया चपला हातात धरून उभ्या, पोरं मोबाइल वर धरून. विमलबाईंनी कळशीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि रोजच्यासारखा सडा टाकला. काँक्रीटचं करडं अंगण भिजून काळपट होत गेलं. आणि त्या काळपटात एकेक करत पांढुरकी पावलं उमटली. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत, ओळीनं.

"आली गो बाय, आली!" कुणीतरी ओरडलं आणि सगळ्यांचे हात जोडले गेले.

"बघितलंत, माते?" कमळाकर गुरुजींनी डोळे अर्धे मिटले. पाच वर्षांपूर्वीपर्यंत हे गृहस्थ पेणच्या रामवाडीत फरशी-काँक्रीटची कामं घेत. तेव्हा लोक त्यांना नुसतं कमळाकर म्हणत, आणि गच्ची गळायला लागली की आणखीही बरंच काही म्हणत. आता खांद्यावर भगवी शाल होती. खिशातली मोजपट्टी मात्र तीच होती. "लक्ष्मीचे तळवे फुलासारखे. झाडू मारून खरखरीत केलेल्या काँक्रीटवर ती पाऊल टाकील कशी? घरात नवी सून आली तर तिला खडीवरून चालवाल का? अंगण हवं घोटीव, आरशासारखं. आणि घोटाई हवी सिद्ध."

सिद्ध घोटाई म्हणजे काय, तर काँक्रीट टाकल्यावर वर सुकं सिमेंट भुरभुरून थापीनं घोटायचं, ओली पोती टाकून आठ दिवस झाकायचं, आणि शेवटच्या दिवशी गुरुजींनी चारी बाजूंनी ताडपत्री लावून एकट्यानं आत संकल्प करायचा. विमलबाईंचं अंगण असंच झालं होतं.

लोकांना हे पटलं, त्याला कारण होतं. इथल्या बायकांचं नाव अंगणावरून घेतलं जाई. माती चोपून, शेणानं सारवून जिचं अंगण गुळगुळीत, ती सून कामाची. पावसाळ्यात मात्र त्याच अंगणातून चालायला दगड मांडावे लागत, हे सगळे सोयीनं विसरले होते.

गर्दीच्या कडेला रोहिणी उभी होती, पाच वर्षांच्या सुरभीचं बोट धरून. सुरभीचा डावा पाय जन्मतःच वळलेला. दोन ऑपरेशनं झाली होती, पायात पट्ट्यांचा जड बूट होता. गेल्या दिवाळीपासून ती कुणाचा हात न धरता घरापासून रिक्षापर्यंत जायला लागली होती. खरखरीत मातीवर, एकेक पाऊल मोजत. रोहिणीचा जीव त्या पावलांत अडकलेला असे. पुढच्या आठवड्यात त्यांच्याही अंगणात काँक्रीट पडणार होतं. झाडू मारलेलं की घोटीव, एवढाच प्रश्न घरात महिनाभर पेटलेला होता.

"आई," सुरभी मोठ्यानं म्हणाली, "लक्ष्मी पण माझ्यासारखी एकाच पायावर चालते?"

"शूऽ!"

"बघ ना. सगळी पावलं याच पायाची आहेत." तिनं आपला उजवा पाय पुढे केला.

रोहिणीनं पाहिलं. खरंच, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी उजवीच. आणि प्रत्येकाच्या टाचेशी डाव्या बाजूला तीच एक बारीक खाच. देवी उंबऱ्यापर्यंत लंगडी घालत आली होती की काय?

गुरुजी क्षणभर गडबडले. मग त्यांची नजर सुरभीच्या बुटावर गेली आणि चेहरा उजळला. "अहाहा! लेकराच्या मुखातून देवी बोलली! लंगडेपण तिनं स्वतःच्या अंगावर घेतलंय, माते. ज्या घरात असं मूल, त्या घरी ती येणार आणि पायाचं दुखणं घेऊन जाणार. फक्त वाट नीट करून ठेवा."

रोहिणीच्या शेजारी सासूबाई होत्या, धोंडुबाई. त्यांनी नातीला उचलून छातीशी धरलं आणि हुंदका दिला. रोहिणीला कळलं, अंगणाचा निकाल इथेच लागला.

ती खाली वाकली. भिजलेल्या काँक्रीटवर पाणी मुरलं होतं, पण पावलांवर ते मुरलं नव्हतं. थेंब गोल होऊन उभे होते, अळवाच्या पानावर राहतात तसे. तिनं बोटानं एक थेंब ढकलला. तो घरंगळला. खालचं काँक्रीट कोरडं ठणठणीत.

"हात नका लावू, ताई!" गुरुजी ओरडले. "विटाळ होतो!"

दोन दिवसांनी सुरभीचा बूट दाखवायला ती पेणला गेली, तेव्हा डॉक्टरांकडून निघून थेट हार्डवेअरच्या दुकानात शिरली. बी.एस्सी. झाल्यावर पहिल्यांदाच ती पदवी कामाला येत होती. "गच्चीत पाणी मुरू नये म्हणून मारतात ते द्रावण द्या. रंग न दिसणारं."

"छोटा डबा देऊ? हल्ली अंगणासाठी पण नेतात बरं का," दुकानदार म्हणाला.

"अंगणाला कशाला लागतं?"

"ते मी कशाला विचारू?"

त्यांचं अंगण करणाऱ्या केरू मिस्त्रीकडे नमुन्याच्या दोन लाद्या होत्या, एक घोटीव आणि एक झाडू मारलेली. रोहिणीनं घोटीव लादी मागून आणली. नवऱ्याची, नितेशची, जुनी चप्पल पुठ्ठ्यावर ठेवून आकार कापला, त्यातून द्रावण मारलं आणि लादी वाळू दिली. कोरडी झाल्यावर काही म्हणजे काही दिसेना.

रविवारी विमलबाईंच्या अंगणात पुन्हा गर्दी जमली, गुरुजीही होते. नितेश रात्रपाळी करून आलेला, तोही डोळे चोळत उभा होता. रोहिणीनं लादी मधोमध ठेवली.

"विमलबाई, यावर पण सडा टाका."

"यावर कशाला गो?"

"टाका तर."

पाणी पडलं. लादी काळपट झाली आणि तिच्यावर स्वच्छ उमटली नऊ नंबरची पुरुषी चप्पल, झिजलेल्या टाचेसकट.

सगळे वाकून बघायला लागले. मग केरू मिस्त्रीच खो खो हसला. "अरे, ही तर नितेशभाऊंची चपल! भाऊ, तुमी कवा देव झालात?"

"कंपनीत सांगू नका, शिफ्ट वाढवतील," नितेश पुटपुटला, आणि सगळं अंगण हसलं.

रोहिणीनं डबा वर धरला. "काँक्रीट पाणी पितं, म्हणून काळं दिसतं. हे लावलेल्या जागी पितच नाही, म्हणून तेवढी जागा पांढरी राहते. सगळं वाळलं की दोन्ही सारखंच. ताडपत्रीच्या आत हाच संकल्प होतो. आणि साचा एकच आहे, उजव्या पायाचा. खाचेसकट."

"हे रसायन आहे! ती कृपा आहे!" गुरुजींनी आवाज चढवला. "माते, विज्ञान जिथं संपतं..."

"मग ताडपत्री न लावता करून दाखवा," रोहिणी म्हणाली. "आत्ता. सगळ्यांसमोर."

गुरुजींना एकदम आठवलं की खांब गावात एका ठिकाणी मुहूर्त आहे. स्कूटर दोनदा किक मारूनही सुरू होईना, तेव्हा ते ती ढकलतच निघाले. पोरं मागून ओरडत गेली, "गुरुजी, उजवा पाय पुढं!"

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं!

गुरुवारी सकाळी केरूनं रोहिणीच्या अंगणात काँक्रीट टाकलं. फळीनं सारखं केलं, वरचं पाणी जिरू दिलं. रोहिणी खराटा घेऊन उभी होती. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलक्या हातानं ओढायचा, की बारीक रेघा पडतात. त्या रेघांवर बूट धरतो. केरूनं तिला तसं दाखवलंही होतं.

"केरू, सिमेंट भुरभुर आनि घोट," धोंडुबाई पायरीवरून म्हणाल्या.

"आई, तुम्ही स्वतः पाहिलंत ना? चप्पल उमटली होती."

"पायलं गो. गुरुजी खोटा. म्हनून देवी खोटी व्हती काय?"

"सुरभी घसरेल."

"आनि देवी आली तर? डाक्तर म्हनला, यापुढं पाय एवढाच राहनार. तुज्याकडं बुकं हायत. माज्याकडं दुसरं काय हाय, सांग?" त्या पायरीवरून खाली उतरल्या. "तू तिची वाट बंद करू नको."

केरू म्हणाला, "वहिनी, काय ते लवकर ठरवा. ऊन तापतंय. धरलं की मग काय होणार नाय."

रोहिणीनं नितेशकडे पाहिलं. तो म्हणाला, "एवढ्या वेळी आईचं राहू दे."

खराटा हातात होता. काँक्रीट चार पावलांवर, अजून मऊ. तिनं फक्त पुढे व्हायचं होतं. पण तिथे उभ्या उभ्या तिच्या मनात एक गोष्ट आली, जी तिनं आजवर कुणालाही सांगितलेली नाही: आणि समजा, पाय बरा झाला तर? साचा तिनं ओळखला होता, द्रावण तिनंच विकत आणलं होतं, आणि तरीही. तेवढ्या वेळात केरूची थापी फिरली.

अंगण झालं. आरशासारखं झालं. धोंडुबाई रोज पहाटे सडा टाकतात आणि वाट बघत उभ्या राहतात. काही उमटत नाही. श्रावणात मात्र शेवाळ उमटलं. विमलबाई आपल्याच अंगणात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. गाव म्हणालं, सडा विटाळलेला असणार. गुरुजींचं काम आता खांबला जोरात चाललंय असं कळतं. केरूनं सांगितलं, पाऊस गेला की छिन्नीनं टाचे मारून खडबडीत करून देतो, पाय धरील. धोंडुबाईंनी देवीच्या वाटेवर छिन्नी चालवायला साफ नकार दिला.

सुरभी त्या अंगणात एकदाच घसरली. फार लागलं नाही. पण त्या दिवसापासून ती उंबऱ्याशी थांबते आणि दोन्ही हात वर करते. रोहिणी तिला उचलून रिक्षापर्यंत नेते.

म्हणून, वाचणाऱ्यांनो, एवढंच सांगायचं. घरापुढे काँक्रीट टाकणार असाल तर मुहूर्त बघू नका, शेजारच्यांचं अंगण बघू नका. मिस्त्रीकडून दोन लाद्या मागा, एक घोटीव, एक झाडू मारलेली. दोन्हींवर तांब्याभर पाणी ओता. घरातल्या सगळ्यात लहानाला आणि सगळ्यात म्हाताऱ्याला त्यांच्यावर उभं करा, हात धरून. मग ठरवा. आणि ठरलं की लगेच हात चालवा. ओलं काँक्रीट तुमच्या मनातली आशा संपेपर्यंत थांबत नाही.