रंगूबाईंची एकतारी

मित्रांनो, मी एक एकतारी आहे. वय अवघे चार वर्षांचे, पण मला पाहून कोणी नवी म्हणणार नाही.

माणगावजवळच्या एका वाडीत धर्माजी नावाचे म्हातारे राहत. त्यांच्या मांडवावरचा कडू भोपळा म्हणजे माझे पोट. त्यांनी तो वेलावरच वाळू दिला, वरून कापला, आतला गर खरवडून काढला आणि तोंडावर बकऱ्याचे कातडे ताणले. मग बांबूची दांडी घातली, खुंटी बसवली, एक तार चढवली.

दोन एसट्या बदलून रंगूबाई चौलहून मला न्यायला आल्या.

"भजनी मंडळाला पायजे काय?" धर्माजींनी विचारले.

"न्हाय बाबा, घरातच. आमचे हे तीस वर्सं भजनात गायचे. लकव्याचा झटका आला नि वाचा गेली. डॉक्टर म्हनाले, बोलता येत न्हाय त्यांना कधीकधी गाता येतं."

धर्माजींनी माझी तार एकदा छेडून पाहिली. "घेऊन जा, बाय. हात थरथरतात आता. हिच्या मागनं दुसरी होनार न्हाय."

परतीच्या वाटेवर रंगूबाईंनी मला मांडीवरून खाली ठेवले नाही.

चौलच्या घरी रंगूबाईंचे यजमान चांगदेव पडवीत खुर्चीवर बसलेले असत. रंगूबाईंना वाजवता येत नव्हते. आधी त्यांच्या बोटाला फोड आला, मग हळूहळू ठेका जमला. चांगदेव डाव्या हाताने खुर्चीवर ताल धरू लागले. एका सकाळी ते गुणगुणले आणि शेवटी अगदी स्पष्ट म्हणाले, "रंगू." रंगूबाई पदर तोंडात धरून रडल्या. एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

तो शब्द परत आला नाही. रंगूबाई सकाळ-संध्याकाळ वाजवू लागल्या, मग दुपारीही. "म्हना ना. येकदा आलं, तर परत येल." ते तोंड उघडत, पण नुसती लाळ गळे. असे कितीतरी दिवस गेले. शेवटी त्यांनी चांगल्या हाताने मला ढकलून दिले. मी फरशीवर आपटले, भोपळ्याला उभी चीर गेली. चांगदेव माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काहीतरी सांगायचे होते. तेही सांगता आले नाही.

दुसऱ्या दिवशी रंगूबाई मला जुन्या लुगड्यात गुंडाळून धर्माजींच्या दारात गेल्या. त्यांची सून जनी बाहेर आली.

"मामंजी शिमग्यात गेले," ती म्हणाली. "आमच्यात ह्ये कोनाला येत न्हाय. शिकायला कोन बसलंच न्हाय."

तशीच फुटकी मी घरी आले. आषाढात चांगदेव गेले, पुन्हा एकही शब्द न बोलता.

मित्रांनो, तुमच्या गावात हाताने वाद्य घडवणारा कोणी असेल, तर त्याचे हात थकण्याआधी त्याच्यापाशी जाऊन बसा. आणि ज्याची वाचा गेली आहे, त्याच्याकडे शब्दासाठी हट्ट धरू नका. तो गुणगुणला, तर तेवढेच ऐका. हे रंगूबाईंना कोणी वेळेवर सांगितले नाही, आणि मला सांगता येत नव्हते.

फुटके का होईना, मला अजून वाजता येते. दर सोमवारी रंगूबाई मला खिळ्यावरून काढतात आणि पदराने धूळ पुसतात. पुसताना अंगठ्याने तार घट्ट दाबून धरतात, मी चुकूनही वाजू नये म्हणून.