दोनदा यू

गावाचं पाणी वाटणाऱ्या सोत्वोल्दी मिरोबने करपलेले खरबुजाचे वेल साहेबांच्या टेबलावर आपटले. "घ्या, चघळा! आमच्या चिनोरसोय गावची पाण्याची पाळी कुणी गिळली?"

साहेबांनी एर्गाश आकांकडे पाहिलं. कालव्याचे दरवाजे कोणत्या गावासाठी कधी उघडायचे, ते आमच्या कचेरीतला सर्व्हर ठरवतो, आणि त्या सर्व्हरच्या फाइली आकांच्या हातात. केस पांढरे झाले त्यांचे त्या काळ्या पडद्यापुढे.

"पाळी मी घातली होती," आका म्हणाले. "माझ्यानंतर निगोरा बसली होती तिथे. या पोरींना नवं मशीन म्हणजे खेळणं वाटतं."

आमच्याच कचेरीत काम करणारी निगोरा किटली घेऊन दारात उभी होती. "आका, मी ती फाइल उघडलीसुद्धा नाही हो!"

"मग काय भुताने पुसली? मी हे काम शिकलो तेव्हा तू पाळण्यातसुद्धा नव्हतीस!"

आम्ही सगळे हसलो. साहेबांनी तिथल्या तिथे तिच्या बापाला मार्गिलानला फोन लावला. "उद्यापासून मुलगी घरीच ठेवा, येऊन घेऊन जा."

दुपारी आका चिनोरसोयची पाळी पुन्हा घालायला बसले. मी शेजारच्याच टेबलावर होते. ओळ लिहून झाली आणि त्यांच्या बोटांनी दोनदा यू दाबलं. ही त्यांची जुनी खोड. जुन्या मशीनवर फाइली लिहायला व्हीआय नावाचा प्रोग्राम होता. त्यात एकदा यू दाबलं की केलेला बदल जायचा, पुन्हा दाबलं की परत यायचा. आधी काय होतं, आता काय आहे, दोन्ही बघून घ्यायचं आणि फाइल बंद करायची. पुढे पुढे तर ते बघेनासेच झाले. कुलूप लावल्यावर माणूस ओढून बघतो ना, तसं नुसतं बोटांचं काम. नव्या मशीनवर व्हिम आलं. दिसायला तेच, बटणंही तीच. "नाव लांबलंय, दुसरं काय!" म्हणून आकांनी ते शिकून घ्यायला साफ नकार दिला होता.

आज मात्र ते बघत होते. पहिल्या यूला ओळ गेली. दुसऱ्या यूला ती परत आलीच नाही. त्यांनी पुन्हा लिहिली, पुन्हा दोनदा दाबलं. गेली ती गेलीच. व्हिममध्ये दुसरं यू आणखी मागचं पुसायला जातं, पुसलेलं परत आणायला वेगळी बटणं लागतात.

आकांचे कान लाल झाले. "या अल्ला! हे मीच केलं. चार माणसांत पोरीच्या तोंडाला काळं फासलं मी."

"आका, कुणाला कळणार आहे?" मी हळूच म्हटलं. "ओळ नीट घाला नि गप्प बसा."

"मला कळलंय ना!" ते माझ्यावरच खेकसले आणि उठले.

साहेबांच्या खोलीत चहा चालला होता. निगोराचा बाप आला होता. रेशीम रंगवणारा माणूस, बोटं निळी. दाराजवळ, सगळ्यात कमी मानाच्या जागी बसला होता. निगोरा सगळ्यांना चहा देत होती.

"चूक माझी आहे," आका उभ्यानेच म्हणाले. "पाळी मी घातली आणि मीच पुसली. नवं मशीन मला येत नाही, आणि ते कबूल करायची लाज वाटत होती. मुलीला कामावर ठेवा."

साहेबांनी होकाराची मान हलवली. आकांनी निगोराच्या हातातून किटली घेतली. चहा पियाल्यात ओतून परत किटलीत, असं रिवाजाप्रमाणे तीनदा केलं. मग मानाच्या पाहुण्याला देतात तसा घोटभरच ओतला, आणि डावा हात छातीवर ठेवून पियाला तिच्यापुढे धरला.

तिने तो घेतला नाही.

"आधी बाबांना द्या, आका. आल्या आल्या फाटकातच त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. ती कशी परत घ्यायची, तेवढं सांगा त्यांना."

आका बापाकडे वळले. बापाने पियाला घ्यायला उजवा हात पुढे केला, तो मध्येच थांबला. त्याने एकदा आपल्या निळ्या बोटांकडे पाहिलं आणि हात मांडीखाली दडवला. आका पियाला धरून त्याच्यापुढे वाकलेलेच राहिले.