दंडावरचा वण

द्वारकेने पोराची बाही वर सारली आणि दंड उन्हाकडे वळवला. वण नव्हता. सकाळपासूनचा हा एकोणिसावा दंड. चैत्रात धनगरवस्तीवर देवीची लस तिने स्वतः टोचली होती; एकही धरली नव्हती.

‘उष्णतेने लस निकामी,’ तिने वहीत लिहिले. कलकत्त्याला सार्वजनिक आरोग्याच्या परीक्षेसाठी द्यायच्या प्रबंधाचा निष्कर्ष कालच तिच्या मनात तयार झाला होता. सहा महिन्यांनी सासरी कवठ्याला परतल्यावर तिने आधी आपल्या मुलाचा, जयवंताचा दंड पाहिला होता. तोही कोरा. खरे तर टोचायला सुरुवात तिने त्याच्यापासूनच केली होती, चावडीपुढे, सगळ्यांनी बघावे म्हणून. दुसऱ्याच दिवशी तिने कलकत्त्याची गाडी धरली होती.

“वण कशापायी हुडकताय, बाई?” हरणाबाईने पोर कडेवर घेतले. आत निंबाच्या डहाळ्यांआड तिची थोरली लेक देवीच्या तापात पडली होती. “तुमी पाठ फिरवली तवाच लिंबू चोळून टोचलेलं पुसलं की समद्यांनी.”

“का पण?”

“पयलं लिंबू तुमच्या सासूनं, आत्याबाईंनी कापलं. पाटलाच्या नातवाचं पुसलं, मग आमी कशाला ठिवू?”

द्वारकेचा टाक थांबला. वही मिटत ती म्हणाली, “या पोराला थोरलीपाशी झोपवू नका.”

“मग कुटं झोपवू? खोली येकच हाय.”

घरी येऊन तिने परसात हात चोळचोळून धुतले. सोप्यात आत्याबाई जयवंताला दूधभाकरी भरवत होत्या.

“आत्याबाई, याचं टोचलेलं तुम्ही पुसलंत?”

“पुसलं.”

“मी डॉक्टर आहे, आत्याबाई.”

“व्हय, कलकत्त्याची.” आत्याबाईंनी घास मऊ केला. “आट म्हैन्याचं लेकरू माज्या पदरात टाकून गेलीस. तापानं फणफणलं असतं तर कुणाला हाक मारायची मी? तार कराया येती व्हय मला?”

द्वारका खांबाला टेकली.

“सोमवारी बेळगावहून नवी लस येतीय,” ती म्हणाली. “परत टोचायला हवं. वस्तीवर देवी आल्यात.”

“टोच. आता न्हाई पुसायची मी. पर ताप उतरंपातूर तू हितंच ऱ्हायाचं.”

मंगळवारी मिरजेहून तिची कलकत्त्याची गाडी होती. ती चुकली की परीक्षा गेली, वर्ष गेले. टोचल्यावर ताप चढतो तो आठव्या दिवशी. हे तिच्याइतके पाठ त्या घरात कुणालाच नव्हते.

“ऱ्हाशील न्हवं?” आत्याबाई म्हणाल्या. मग आवाज जरा उतरला. “घे की त्याला वाईच. कालधरनं तुला बघून रडतंय. वळख तरी हू दे.”

जयवंताने तोंडातला घास गिळला, तिच्याकडे टक लावून पाहिले आणि अचानक दोन्ही हात तिच्यापुढे पसरले.

द्वारका अर्धी वाकली. तिच्या अंगावर अजून तेच लुगडे होते, हरणाबाईच्या देवी आलेल्या घरातले.

तिने हात पाठीमागे नेले आणि ती उंबऱ्याबाहेर सरकली. आत जयवंत रडू लागला.