सैल झाकणं

निवृत्त सुताराच्या हाताला काम नसलं की त्याला घरातली प्रत्येक वस्तू वाकडी दिसायला लागते. सुतारकाकांचं गेले पाच महिने तसंच चाललं होतं, फक्त त्याला कारण होतं. घरातल्या वस्तू न् वस्तूने आपल्या बायकोच्या बोटांशी वैर धरलंय, असं त्यांचं ठाम मत झालं होतं.

बायको म्हणजे बाई. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून सगळी गल्ली तिला बाई म्हणायची, आणि चारचौघांत काकाही बाईच म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी संधिवाताने तिचे हात धरले. सकाळी मूठ उघडायला तास लागायचा. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात. हिचं आलं ते हत्तीच्याच पावलाने, आणि आल्यावर जे बसलं ते उठायचं नावच घेईना.

मग मोठ्या इस्पितळात एका नव्या औषधाचा अभ्यास सुरू झाला, त्यात बाईने नाव दिलं. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. दर महिन्याला जायचं. एक डॉक्टर अठ्ठावीस सांधे दाबून किती सुजलेत ते मोजणार, आणि मग पेशंटने एकटीने बसून वीस प्रश्नांचा फॉर्म भरायचा. कपडे स्वतःचे स्वतः घालता येतात का? नळ फिरवता येतो का? बरणीचं झाकण उघडता येतं का? उत्तरं चारच: सहज, थोड्या त्रासाने, फार त्रासाने, जमतच नाही. त्यावरून शून्य ते तीनमधला एक आकडा निघायचा. शून्य म्हणजे ठणठणीत. हे सगळं सांभाळणारी एक हसरी, चष्मेवाली मुलगी होती, तिला काका फॉर्मवाली म्हणायचे.

पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते, "घरच्यांनी सहकार्य करायला हवं." ते वाक्य काकांनी फारच मनावर घेतलं. त्यांच्या लेखी आकडा म्हणजे परीक्षेचे मार्क, फक्त इथे जितके कमी तितके चांगले. माहितीची अकरा पानी पुस्तिका दिली होती, ती त्यांनी जाडी पाहून कपाटात ठेवून दिली. सुताराला कागदावरचं काम कधी पटलंय?

पण सहकार्य करायचं कसं? बाई उघड मदत घेणाऱ्यातली नव्हती. एकदा काकांनी तिच्या हातातून साखरेची बरणी घेऊन उघडून दिली, तर "माझे हात अजून गेलेले नाहीत" म्हणाली आणि आठ दिवस बिनसाखरेची कॉफी प्यायली. काकांनी कानाला खडा लावला. त्यानंतर जे केलं ते तिच्या पाठीमागे.

रोज सकाळी बाई वीस मिनिटं बागेत फिरायला जायची. दाराची कडी वाजली की काका स्वयंपाकघरात. एकेक झाकण सोडवायचं आणि नुसतं टेकवून ठेवायचं, बघणाऱ्याला वाटावं घट्ट आहे. नळ खोलून आतली चकती बदलली, आता तो बोट लावलं तरी फिरायचा. धोब्याकडे द्यायच्या निमित्ताने तिचे स्वेटर नेले आणि शिंप्याकडून बटणांची काजं केसभर मोठी करून आणली. खुर्चीचे पाय दोन बोटं उंच केले. वरची फळी तर दर महिन्याला इंचभर खाली यायची. जुनी भोकं बुजवून वर रंगाचा हात. पाचव्या महिन्यात ती इतकी खाली आली होती की काकांचंच डोकं तिच्यावर आपटायचं.

आणि आकडा? एक पूर्णांक आठवरून एक पूर्णांक चार, मग एक, मग पॉइंट सहा. बाई खुलली. बहिणीला फोनवर सांगू लागली, "अगं, हात सुधारतायत माझे! काल जॅमची बाटली दोन बोटांनी उघडली." पलीकडच्या खोलीत काका हे ऐकून इतके सुखावायचे की लग्नातही इतके सुखावले नसतील.

पाचव्या भेटीला बाई आत फॉर्म भरत होती आणि काका बाहेर बाकावर बसले होते. फॉर्मवाली बाहेर आली आणि शेजारी टेकली.

"काका, एक विचारू? बाईंचं घरी खरंच इतकं सहज होतं सगळं?"

"का? मार्क चांगले नाहीत का?"

"मार्क छान आहेत, तेच तर कळत नाही. पहिल्या दिवशी चौदा सांधे सुजलेले होते, आज सोळा आहेत. सूज सांगते एक आणि फॉर्म सांगतो भलतंच."

काकांना राहवलं नाही. पाच महिन्यांत ही करामत कुणाला सांगायला मिळाली नव्हती. झाकणं, नळ, काजं, फळी, सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. वर म्हणाले, "तिला पत्ता नाही हं. हे आपल्या दोघांत."

फॉर्मवालीचं हसू हळूहळू मावळलं. तिने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"काका, तुम्ही पुस्तिका वाचली नाहीत ना?"

मग तिने समजावून सांगितलं. सहाव्या महिन्याला सगळ्यांचे आकडे बघणार. ज्यांच्यात सुधारणा नाही, त्यांची गोळी बंद करून त्यांना इंजेक्शन सुरू करणार, आणि त्यात नक्की औषध असतं. ज्यांचा आकडा छान आहे, त्यांना हीच गोळी आणखी वर्षभर.

"म्हणजे हिला...?"

"हीच गोळी. आणि सूज वाढत राहिली तर वर्षभरात सांधे कायमचे वाकतात. ते मग कुठल्याच औषधाने सरळ होत नाहीत."

काका बाकावर तिच्याकडे वळले.

"तुम्ही बदला ना तो आकडा! मी सांगितलं ना आत्ता!"

"मला एक टिंबसुद्धा बदलता येत नाही. उत्तर बाईंचंच असायला हवं. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर विचारलेलं असतं, कुणाची मदत होते का, घरात काही सोय करून घेतलीय का. मदत असली तर तीही आकड्यात धरतात. बाई दर वेळी लिहितात, 'नाही.' त्यांना माहीत असतं तर लिहिलं असतं." ती उठली. "खोटं काही लिहायला लावू नका, काका. आहे तेवढंच त्यांना कळू दे."

महिना हातात होता, त्यातले तीन आठवडे काकांनी नुसते घालवले. बायकोला काय सांगायचं? तुझे हात सुधारलेच नाहीत म्हणून? पहिल्या आठवड्यात त्यांनी एक पळवाट काढून पाहिली. झाकणं तशीच घट्ट राहू दिली, आपोआप कळेल तिला. बाई फिरून आली, कॉफीचा डबा हातात घेतला. झाकण हलेना. तिने फडकं घेतलं, मग डबा पोटाशी धरला, मग तो खाली ठेवून कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. त्या दिवशी बहिणीचा फोन आला तर "नंतर बोलते" म्हणून ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी काकांनी सगळी झाकणं पुन्हा सैल केली आणि स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या.

शेवटी भेटीला चार दिवस उरले, तेव्हा दुपारी त्यांनी कपाटातून पुस्तिका काढली. तिच्या शेवटी फॉर्ममधल्या प्रश्नांची दोन पानं नमुन्यादाखल छापलेली होती. ती उघडून त्यांनी टेबलावर तिच्यासमोर ठेवली.

"हे काय?"

"वाच. मोठ्याने वाच."

बाईने शाळेतल्या आवाजात वाचलं, "बरणीचं झाकण उघडता येतं का? येतं की. सहज."

"ते मी रोज सैल करून ठेवतो."

बाईने चष्म्यावरून पाहिलं.

"कोणतं?"

"सगळीच. तू बागेत गेलीस की."

बाईने पुढचा प्रश्न वाचला. नळ. काकांनी सांगितलं. स्वेटरची बटणं. सांगितलं. खुर्चीतून उठणं. तेही सांगितलं. एकेका प्रश्नाला बाईचा आवाज बारीक होत गेला. डोक्यावरच्या फळीवरून वस्तू काढण्याचा प्रश्न आला तेव्हा ती एकदम सावरून बसली.

"हे तरी माझं मी करते!"

काका नुसते फळीकडे बघत राहिले. बाईनेही पाहिलं. फळी तिच्या कपाळाच्या रेषेत होती.

"अहो!" ती म्हणाली. तिला हसू आलं आणि त्याच दमात डोळेही भरले. "म्हणजे पाच महिने मी कॉपी करून पास होत होते! एकतीस वर्षांत एका पोराला कॉपी करू दिली नाही मी, आणि घरात तुम्ही मला पुरवत होतात!"

"चुकलं माझं."

"मी बहिणीला सांगितलं, हात सुधारले म्हणून. तिने तिच्या सगळ्या मैत्रिणींना सांगितलं." ती रडत होती आणि रागावलीही होती. काकांना वाटलं, आता ही आठवडाभर बोलायची नाही आणि ते आपल्याला शोभेलच. मग त्यांनी इंजेक्शनचं सांगितलं, सोळा सांध्यांचं सांगितलं, आणि सांगताना त्यांचाच आवाज फुटला. "मी चांगलंच करायला गेलो गं. आणि तुझं औषध मीच अडवून बसलो."

बाई बराच वेळ पुस्तिकेची कड नखाने सरळ करत बसली. मग म्हणाली, "ती साखरेची बरणी आणा. आणि झाकण घट्ट लावा. नेहमी माणसं लावतात तसं."

काकांनी लावलं. तिने बरणी धरली. दोन्ही हातांनी, मग तळव्यांनी, मग दंडाखाली दाबून. तिच्या कपाळावर घाम आला. काकांनी आपले दोन्ही हात मांडीखाली घालून ठेवले, नाहीतर ते पुढे गेलेच असते. झाकण तसूभरही हललं नाही.

"जमतच नाही," बाई म्हणाली. निकाल सांगावा तसं सांगितलं आणि बरणी त्यांच्यापुढे सरकवली. "उघडा. कॉफी करू."

भेटीच्या दिवशी बाई आत गेली आणि काका बाहेर बाकावर बसले. आजपर्यंत ते आकडा उतरावा म्हणून बसायचे, आज चढावा म्हणून बसले होते, आणि असं मनात आणल्याची त्यांना लाजही वाटत होती. अर्ध्या तासाने फॉर्मवाली दारात आली.

"एक पूर्णांक नऊ," ती म्हणाली. "मदतीचं पान पूर्ण भरलंय. जागा पुरली नाही, तर मागच्या बाजूला लिहिलंय. डॉक्टरांनी सही केली. मंगळवारी पहिलं इंजेक्शन."

काकांनी तिला हात जोडले. तिनेही घाईघाईने जोडले आणि ती आत पळाली. तिचं नाक लाल झालं होतं.

मग बाई आली आणि शेजारी बसली. पर्स मांडीवर ठेवली.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं. एक पान तुम्ही घरी पाहिलं नव्हतंत. तिसरं. ते पुस्तिकेत नाही."

"त्यात काय?"

"प्रश्न नाही. नुसती एक रेघ. गेल्या आठवड्यात किती दुखलं, तिथे खूण करायची. या टोकाला म्हणजे अजिबात नाही, त्या टोकाला म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही."

"मग? कुठे केलीस?"

बाईने त्यांचा डावा हात घेऊन आपल्या मांडीवर ठेवला. बाही वर सारली. "हे कोपर म्हणजे काहीच नाही. हे मनगट म्हणजे शेवट," ती म्हणाली, आणि तिने आपलं सुजलेलं बोट मनगटाच्या चार बोटं अलीकडे टेकवलं.

काकांनी आयुष्यभर लाकूड मोजलं होतं. हे माप त्यांना पट्टीशिवाय कळलं.

"आणि याआधी? दर महिन्याला?"

बोट सरकत मागे आलं, अगदी कोपराजवळ.

"तेव्हा इतकंच होतं?"

"नाही हो. तेव्हाही तिथेच होतं, मनगटाशी."

"मग अशी खूण का करायचीस?"

"बाहेर आले की तुम्ही पहिलं विचारायचात, दुखणं कमी आहे ना," बाई म्हणाली. "आणि मी हो म्हटलं की घरी जाईपर्यंत शीळ घालायचात. आत एक लिहून बाहेर दुसरं सांगायला मला जमत नाही. म्हणून आतही तेच लिहायचे."

काकांना तिचा हात घट्ट धरावासा वाटला, पण आता तो किती दुखतो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी आपला दुसरा हात तिच्या बोटांवर नुसता ठेवला, जराही न दाबता, आणि दोघं तशीच बसून राहिली. आतून पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला गेला, तरी त्यांना उठायची घाई झाली नाही.