धक्क्याच्या सात पायऱ्या

घाटसांगवीचा दगडी धक्का निजामाच्या काळातला. गोदावरीवर पूल नव्हता तेव्हा पलीकडचा कापूस, गूळ, मिरची सगळं नावेनं इथं उतरायचं. बाजारही धक्क्यावरच भरायचा. पुढं पूल झाला, बाजार नांदेडच्या सडकेला गेला, धक्क्यावर धुणी उरली. तरी कावेरीबाईंच्या सासऱ्यांचा नेम घरात टिकून होता: पूर आला की वरून मोजायचं, सात पायऱ्या उघड्या असल्या तरच नाव सोडायची.

आज धरणाचं पाणी सुटलं आणि ठेंगणा पूल दुपारीच बुडाला. खुरपायला गेलेल्या तिघी बाया पलीकडं अडकल्या. त्यातल्या तनुजाचं तान्हं लेकरू इकडं कावेरीबाईंच्या मांडीवर भुकेनं रडून राहिलं होतं. कावेरीबाईंच्या लेकानं, देविदासनं, गूळ आटवायची जुनी रुंद काहील पाण्यात ढकलली. नावा मोडल्यापासून तीच त्यांची नाव.

कावेरीबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्या सुनेला म्हणाल्या, "मोज गं राजकन्या."

कडेवरच्या तान्ह्या लेकीला, अक्षराला, सावरत राजकन्येनं मोजल्या. "सात हायेत, आत्याबाई."

"मग जाऊ दे त्याला."

"कलेक्टरची सही लवकर मिळती, आईची न्हाई," देविदास हसला. भिजू नये म्हणून मोबाइल बायकोच्या हातात दिला आणि वल्हं मारत निघाला.

अक्षराला पाजायला राजकन्या वरच्या पायरीवर टेकली. लेकीची इवलीशी टाच पायरीला घासली, म्हणून तिनं खाली हात घातला. हाताला खरबरीत सिमेंट लागलं.

मागच्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीनं धक्का उंच करायला वर तीन नव्या पायऱ्या बांधल्या होत्या. नंतरचा पावसाळा कोरडा गेला, मोजायची वेळच आली नाही. जुन्या, दगडाच्या पायऱ्या आज चारच उघड्या होत्या.

"आत्याबाई, मी चुकले. वरल्या तीन नव्या हायेत."

"चारावर मधी भोवरा लागतो," म्हातारी हळूच म्हणाली. "माझा चुलतसासरा चारावरच गेला."

नदीच्या मध्यावर काहील गरकन फिरली. राजकन्येच्या ओठापर्यंत हाक आली. पण त्यानं वळून पाहिलं तर वल्हं थांबेल. तिनं पदर दातांत धरला. अक्षरा लुचत होती, आणि आईच्या छातीतली धडधड तिला कळू नये म्हणून राजकन्या तिला थोपटत राहिली.

काहील कितीतरी खाली, पण पलीकडच्या काठाला लागली. तिनं तनुजाला फोन लावला.

"काहिलीत बसू नका. पाणी लई हाय."

"आगं, माझं लेकरू..."

"त्याला मी पाजते. तू यांना फोन दे."

देविदास धापा टाकत बोलला, "सात म्हणलीस ना?"

"चुकीचं मोजलं म्या. चारच हायेत. येऊ नका."

"मी एकटा येतो. रिकामी काहील हलकी जाती."

"न्हाई."

"आगं, येताना सांभाळून..."

कावेरीबाईंनी फोन ओढून घेतला. "देवा, काहील वर ओढून पालथी घाल अन् तिच्यावर बस. पाण्यात उतरलास तर मी इकडून उडी टाकीन."

फोन बंद झाला. त्यानं ऐकलं की नाही, कळेना. राजकन्येनं तनुजाचं लेकरू छातीशी घेतलं. पलीकडचा काहिलीचा काळा ठिपका अजून पाण्याच्या कडेलाच होता. चौथा दगड बुडाला. ती बघत राहिली.

मग तो ठिपका हळूहळू, एक-एक हात, पाण्यापासून काठावर वर सरकू लागला.