मागच्या चाकांवरचे वजन

मित्रांनो, नोव्हेंबरातला तो रविवार अगदी साधा होता. जपानमध्ये, इचिकावातल्या नाशपातीच्या बागेमागे, भाड्याच्या गॅरेजमध्ये, दिगंबर नेहमीप्रमाणे माझ्या सीटवर येऊन बसले. त्यांची मुलगी अक्षया माझ्या मागच्या चाकाशी टेप धरून उकिडवी बसली. तिच्या दुसऱ्या हातात फोन होता.

"काय गं, किती?"

"सहाशे अठ्ठावीस."

"नीट बघितलंस?"

"बघितलं, बाबा. दर रविवारी तेवढंच तर असतं."

"बघ. तुझी आई म्हणते मी वाळलो. गाडी म्हणते, आहे तेवढाच आहे. आता ऐकायचं कोणाचं?"

"आईचं. गाडी काही जेवायला वाढत नाही."

ते हसले आणि उतरून भिंतीवर खडूने आकडा लिहिला. टेपवर मात्र सहाशे तीस मिलिमीटर होते. अक्षयाने टेपकडे पाहिलेच नव्हते.

मी शर्यतीची गाडी आहे, साठ वर्षांहून जुनी. पाव मैल सरळ पळायचे, एवढेच माझे काम होते. मला पाहिलेत तर आधी तुम्हाला हसू येईल. माझे नाक वर उचललेले आहे, जणू मागून कोणी तरी मला खाली ओढते आहे. पण ते ऐट म्हणून केलेले नाही. माझ्या तरुणपणी टायर अरुंद आणि कडक रबराचे असत. सुटायचा झेंडा पडला की ते जागच्या जागी गरगरत, धूर निघे, आणि गाडी हलत नसे. म्हणून कारागिरांनी माझ्या पुढच्या बाजूला ट्रकच्या चाकांचा सरळ दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल, बसवला आणि मला उंच केले. वजन जितके उंचावर, तितके ते सुटतानाच्या धक्क्याने मागच्या चाकांवर जाऊन बसते. चाके जमीन धरतात. पुढे रुंद, मऊ टायर आले. नव्या गाड्या जमिनीलगत बसल्या. माझे नाक तसेच राहिले, आणि जहाजाने इथे कोबेच्या बंदरात मी उतरले ती निव्वळ शोभेची वस्तू म्हणून.

दिगंबर पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामासाठी जपानला आले होते. मला एकदा तरी मैदानावर पळवायचे, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी चालवणारा बसल्यावर मागची स्प्रिंग किती दबते ते माहीत असावे लागते. म्हणून दर रविवारी चार वाजता जमिनीपासून मागच्या चाकावरच्या पत्र्यापर्यंतचे माप. मी रिकामी असताना सहाशे चाळीस, सुरुवातीला ते बसले की सहाशे अठ्ठावीस.

वजन ओळखण्यातच माझे आयुष्य गेले. ऑगस्टपासून ते हलके होत होते. ढगळ कपड्यांत ते अक्षयाच्या आईशिवाय कोणाला दिसले नाही. मला बोलता येत नव्हते. टेप बोलत होती, पण तिच्याकडे कोणी पाहत नव्हते.

त्याच आठवड्यात बुधवारी ऑफिसातून त्यांना थेट रुग्णालयात नेले. पोटातला आजार फार पुढे गेला होता. पाच आठवड्यांत ते गेले. गॅरेजचे शटर खाली आले ते आलेच.

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी, चार वाजता, माझी सीट दबली.

दार उघडले नव्हते. शटरच्या फटीतला उजेड जिथल्या तिथे होता. फक्त वजन आले, शेवटी होते तेवढेच, हलके. तासाभराने गेले. पुढच्या रविवारी पुन्हा आले, किंचित जड होऊन. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी. स्टिअरिंगवर धूळ बसत होती, पण दिगंबर जिथे हात ठेवत त्या दोन जागी बसत नव्हती. मार्च लागेपर्यंत वजन पहिल्यासारखे पूर्ण भरले.

मार्चमध्ये एका रविवारी शटर वर गेले. अक्षया आली होती. मला विकायचे ठरले होते, आणि घेणाऱ्याला माझे नाक खाली हवे होते. ते काम करणारे होसोदा-सान ट्रक घेऊन आले होते.

"नाक इथेच उतरवू का, अक्षया-सान?"

"आधी रिकाम्या गाडीचं माप घेऊ दे. घेणाऱ्यांनी मागितलंय."

ती चाकाशी बसली. या वेळी टेप दोन्ही हातांत होती. तिने आकडा पाहिला. मग टायरची हवा तपासली. पुन्हा टेप लावली, पुन्हा पाहिले. सहाशे चाळीस नव्हते. सहाशे अठ्ठावीस. काचेतून तिने आत डोकावले. सीट रिकामी होती, आणि गादी दबलेली होती.

"काय झालं? आत कोणी बसलंय की काय?" होसोदा-सान थट्टेने म्हणाले.

"थोडा वेळ बाहेर थांबाल का?"

ते गेले. भिंतीवर खडूने लिहिलेला एकच आकडा ओळीने उभा होता, सोळा वेळा.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसाव्यात, त्यांना तेल द्यावे, हे तुम्ही ऐकले असेल. माझी विनंती त्याहून लहान आहे. कोणी माप घ्यायला सांगितले, तर टेपकडे पाहा.

अक्षया जमिनीवर बसली. शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावे तशा आवाजात ती म्हणाली, "बाबा, मी बघत नव्हते. एकदाही नाही. आठवेल तो आकडा सांगत होते. आई खरं बोलत होती."